बुडणारी बेटं वाचवायची तर सुरुवात उंदरांपासून

दर्याकाठ (धागाकर्ता)

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर काही छापून आलं की चित्र ठरलेलं असतं: वाकलेला नारळ, बुंध्याशी पोचलेलं पाणी आणि समुद्र किती मिलिमीटर वाढला याचा आकडा. त्यात खोटं काही नाही. पण बेटांवरचे जे प्राणी-पक्षी आजवर कायमचे गेले, त्यांतल्या फार थोड्यांना समुद्राच्या पाण्याने मारलंय. बहुतेकांना संपवलं ते बोटींतून उतरलेल्या उंदरांनी, मांजरांनी, बकऱ्यांनी, डुकरांनी, सापांनी आणि मुंग्यांनी. तापमानवाढ या आधीच पोखरलेल्या बेटांवर येऊन आदळतेय. म्हणून माझं ठाम मत असं आहे की बेटावरचे उंदीर हटवणं हे हवामानबदलाशी लढण्याचंच काम आहे, आणि त्याला दुय्यम समजणं महागात पडतंय.

चागोस द्वीपसमूह पाहा. हिंदी महासागराच्या मध्यावर, मालदीवच्या दक्षिणेला. इथल्या काही बेटांवर पूर्वी जहाजांबरोबर काळे उंदीर आले, काहींवर ते कधीच पोचले नाहीत. बेटं शेजारी-शेजारी, पाऊस तोच, समुद्र तोच. निक ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही प्रकारच्या बेटांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट भरली. बूबी, नॉडी, सुरय हे पक्षी भर समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. त्या विष्ठेतलं नत्र मातीत मुरतं आणि पावसाबरोबर खाली प्रवाळावर उतरतं. पक्ष्यांमार्फत बेटावर पडणारं हे नत्र उंदीर नसलेल्या ठिकाणी २५१ पट होतं. तिथल्या प्रवाळावरचे डॅमसेल मासे जास्त वेगाने वाढत होते आणि सगळ्या माशांचं मिळून वजन ४८ टक्क्यांनी जास्त होतं. घरट्यातलं अंडं उंदराने खाल्लं की पाण्याखालचा मासा उपाशी राहतो, असा हा सरळ हिशेब आहे.

ज्यांनी या विषयावर वाचलंय, काम केलंय त्यांनी जरूर लिहा. विरोधी मत असेल तर आणखी बरं.

---

टिटवी

धागा आवडला. उंदरांच्या जोडीला सापाचं उदाहरण द्यायलाच हवं, कारण एकच प्राणी अख्खं जंगल कसं मुकं करतो ते पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तिथे ब्राउन ट्री स्नेक आला. हा मांजऱ्या सापाच्या वंशातला, रात्री झाडांवर फिरणारा. ग्वामच्या पक्ष्यांनी असा शत्रू कधी पाहिलाच नव्हता. १९८० च्या दशकापर्यंत बारा देशी वनपक्ष्यांपैकी दहा बेटावरून नाहीसे झाले. आधी लोकांना रोगाचा, कीटकनाशकाचा संशय होता. सापच कारणीभूत आहे हे ज्युली सॅविज यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं.

त्यापुढचं मला जास्त अस्वस्थ करतं. पक्षी गेल्यावर कोळी माजले. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात शेजारच्या बेटांच्या चाळीसपट कोळी मोजले गेलेत. फळं खाऊन बिया लांब नेणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे बिया आईच्या सावलीतच पडून राहतात. वादळात मोठं झाड पडलं तर मोकळ्या जागेत नवं रोप यायचं कुठून? आणि टायफून तर तिथे येतच राहणार.

---

उत्तरायण

माहिती उत्तम, पण शीर्षकाशी सहमत नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीच्या बेटावरून उंदीर काढण्यात इतका पैसा घालायचा आणि शंभर वर्षांत ते बेटच पाण्याखाली जायचं, यात शहाणपण दिसत नाही.

ब्रॅम्बल के आठवा. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतलं वाळूचं छोटं बेट. तिथे मेलोमिस नावाचा एक देशी उंदीरवर्गीय प्राणी होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही. भरतीचं पाणी वारंवार आत शिरत गेलं. २००४ मध्ये बेटावर साधारण २.२ हेक्टर हिरवळ होती, २०१४ मध्ये ती ०.०६५ हेक्टरवर आली. हा प्राणी शेवटचा दिसला २००९ मध्ये. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने घडवलेल्या हवामानबदलाने संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद होते. तिथे ना मांजर होतं ना परका उंदीर. नुसतं पाणी.

---

दर्याकाठ

@उत्तरायण, ब्रॅम्बल केचं उदाहरण चोख आहे आणि ते मलाही छळतं, कारण त्या प्राण्यासाठी २००८ मध्येच एक संवर्धन आराखडा तयार होता. वेळेत काही जोड्या पकडून बाहेर ठेवल्या असत्या तर आज जात जिवंत असती.

पण ‘बेट बुडणारच’ हे तुम्ही गृहीत धरताय, तिथे अडतं. प्रवाळबेट म्हणजे समुद्रात रोवलेला दगड नव्हे. त्याची वाळू बनते प्रवाळाच्या चुऱ्यापासून, शिंपल्यांपासून, फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्मजीवांच्या कवचांपासून. पोपटमासा प्रवाळ खरवडतो आणि पांढरी वाळू बाहेर टाकतो. लाटा ती वाळू उचलून किनाऱ्यावर आणतात, एका बाजूने कापतात, दुसऱ्या बाजूला रचतात. तुवालूच्या १०१ बेटांचा १९७१ ते २०१४ या काळातला अभ्यास पॉल केंच आणि सहकाऱ्यांनी केला. त्या काळात समुद्र वाढत असूनही देशाचं एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. काही बेटं लहान झाली, बरीच मोठी झाली, कित्येकांनी जागा बदलली.

याचा अर्थ ‘काळजी नको’ असा कुणी काढू नये. वाळूचा पुरवठा चालू आहे तोवरच हे चालेल, आणि पुरवठा जिवंत प्रवाळावर आणि माशांवर अवलंबून आहे. म्हणून तर मी चागोसपासून सुरुवात केली. पक्षी असतील तर मासे, मासे असतील तर वाळू. शिवाय क्षेत्रफळ टिकलं तरी खारं पाणी जमिनीखालच्या गोड्या पाण्यात शिरू शकतं, तो प्रश्न वेगळा उरतोच.

---

शिंपला

दर्याकाठ, तुमच्या साखळीतला एक दुवा मी जरा घट्ट तपासते. विष्ठेतल्या खताने प्रवाळ उष्णतेपासून वाचतो, असं नाही. २०१५-१६ च्या उष्ण लाटेत चागोसमध्ये उंदरांच्या बेटांभोवतीचा प्रवाळ मेला, तसाच पक्ष्यांच्या बेटांभोवतीचाही मेला. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. ते नत्राने थांबत नाही.

फरक नंतर पडतो. केसी बेन्कविट यांच्या गटाने दाखवलं की पक्ष्यांच्या बेटांजवळ अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ दुपटीहून अधिक वेगाने वाढतो आणि उष्ण लाटेनंतर सावरायला साधारण दहा महिने कमी लागतात. हे दहा महिने किरकोळ वाटतील. पण १९९८, २०१०, २०१६, २०२४ अशा लाटांमधलं अंतर बघा, आधीपेक्षा आखडलंय. पुढचा तडाखा बसायच्या आत उभं राहायचंय, तिथे एकेक महिना मोलाचा आहे.

सेशेल्समध्ये १९९८ साली जिवंत प्रवाळापैकी ९० टक्क्यांहून अधिक गेला होता. पुढे पाहणीतल्या २१ ठिकाणांपैकी १२ सावरली, ९ ठिकाणी शेवाळाने कायमचा ताबा घेतला. एकाच समुद्रात हा फरक पडला, कारण कुठे पाणी खोल होतं, कुठे प्रवाळाची ठेवण गुंतागुंतीची होती, कुठे शेवाळ खाणारे मासे भरपूर होते. लक्षद्वीपमध्ये २४ वर्षांच्या नोंदींत जिवंत प्रवाळाचं आच्छादन ३७ टक्क्यांवरून १९ वर आलंय. तेव्हा उंदीर काढा, जरूर काढा, पण कार्बन उत्सर्जन कमी न करता ते पुरेल अशी समजूत कुणी करून घेऊ नये.

---

दर्याकाठ

पूर्ण सहमत. ‘सुरुवात’ हा शब्द शीर्षकात म्हणूनच आहे.

---

सावरी

हवाई बेटांवर तर परका प्राणी आणि तापमान हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. तिथे मुळात डास नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजावरच्या पाण्यातून क्युलेक्स डास उतरले. पुढे आणलेल्या परक्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. हवाईचे हनीक्रीपर म्हणजे एकाच पूर्वजापासून फुटलेले पन्नासहून अधिक प्रकार, कुणाची चोच वाकडी, कुणाची पोपटासारखी, कुणाची सुईसारखी. या रोगाशी त्यांची ओळखच नव्हती. लालभडक इइवी पक्ष्याला बाधित डास एकदा चावला तरी दहापैकी नऊ पक्षी मरतात.

जे उरले ते डोंगरावर उरले. साधारण १३ अंशांखाली हा परजीवी डासाच्या अंगात वाढू शकत नाही, म्हणून उंचावरची थंड जंगलं सुरक्षित होती. आता ती रेषा वर सरकतेय. कवाई बेटाचा डोंगर बुटका, तिथे पक्ष्यांना वर जायला जागाच नाही. अकिकिकी हा राखी पक्षी तिथल्या जंगलातून जवळपास संपलाय. माउई बेटावरचे किविकिऊ पक्षी शंभर-दीडशेच्या आसपास राहिलेत. २०२३ मध्ये अमेरिकेने संरक्षित यादीतून २१ जाती नामशेष म्हणून वगळल्या, त्यांत हवाईचे आठ वनपक्षी होते.

तिथे सध्या जे चाललंय ते मला फार धीराचं वाटतं. वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा वाण असलेले नर डास प्रयोगशाळेत वाढवतात आणि हेलिकॉप्टरने जंगलात सोडतात. नर चावत नाहीत. जंगली मादीशी त्यांचं मीलन झालं की तिची अंडी उबतच नाहीत. माउईवर २०२३ च्या अखेरीस हे सुरू झालं. समुद्राची पातळी किंवा हवेतला कार्बन एकट्या हवाईच्या हातात नाही, डास मात्र आहेत.

---

रानवाट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय. अंदमान-निकोबारबद्दल लिहितो, कारण आपण पॅसिफिकची चर्चा करतो आणि बंगालच्या उपसागरातलं विसरतो.

अंदमानात चितळ मूळचं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडलं. चितळ पोहतं, एका बेटावरून दुसऱ्यावर जातं. वाघ-बिबट्या तिथे नाहीत, त्यामुळे संख्या आवरायला कुणी नाही. जंगलात उभं राहून वर पाहिलं तर झाडोरा दाट, सगळं छान. खाली पाहिलं तर कोवळी रोपं कुरतडलेली, जमीन मोकळी. पालापाचोळ्यात राहणारे सरडे आणि इतर सरपटणारे प्राणीही अशा ठिकाणी कमी सापडतात. इंटरव्ह्यू बेटावर लाकूड कंपनी बंद पडल्यावर सोडून दिलेल्या हत्तींची प्रजा रानटी झाली. मुख्य भूमीवरचा मोठा पिवळा बेडूक आता अंदमानात पसरलाय, आणि त्याची पिल्लं दुसऱ्या बेडकांची पिल्लं पाण्यातच खाऊन टाकतात.

ग्रेट निकोबारची गोष्ट निराळी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून अधिक खचलं. इंदिरा पॉइंटच्या दीपगृहाचा पायथा पाण्यात गेला. निकोबारी मेगापोड हा कोंबडीएवढा पक्षी किनाऱ्याजवळच्या जंगलात वाळू आणि पाचोळ्याचा ढिगारा रचतो, त्यात अंडी पुरतो आणि कुजणाऱ्या पाचोळ्याच्या ऊबेवर ती उबतात. सुनामीने या किनारपट्टीचाच घास घेतला आणि मेगापोडची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. गॅलेथिया खाडीतल्या लेदरबॅक कासवांच्या अंडी घालायच्या पुळणीही वाहून गेल्या. पण वाळू हळूहळू परत आली आणि कासवंही आली.

त्याच गॅलेथिया खाडीचं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द केलं गेलं. आता तिथे मालवाहतुकीचं मोठं बंदर यायचंय, सोबत विमानतळ, वीज प्रकल्प आणि नगर. त्यासाठी साधारण १३० चौरस किलोमीटर जंगल या प्रकल्पाकडे वळवलंय. बंदर म्हणजे जहाजं, आणि जहाजं म्हणजे उंदीर, मुंग्या, गोगलगायी. ज्या बेटाने सुनामी सोसली त्याला हे सोसवेल असं मला वाटत नाही, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

---

मनमोर

एक मनापासूनचा प्रश्न. बकरी, उंदीर, चितळ यांना तिथे आपणच नेलं. त्यांना विष घालून, गोळ्या घालून मारणं बरोबर कसं? त्यांचा काय दोष?

---

टिटवी

@मनमोर, दोष त्यांचा काहीच नाही. माझ्यापुरतं उत्तर असं: न मारण्याचा निर्णय घेतला तरी मारणं थांबत नाही. उंदीर रात्री घरट्यात शिरून सुरयाचं पिल्लू जिवंतपणी कुरतडतो, ते रोज चालू राहतं. फरक इतकाच की एका बाजूला मोहीम आहे आणि ती एकदाच करायची असते.

ती नीट करावी लागते मात्र. पॅसिफिकमधल्या पाल्मायरा या प्रवाळबेटावर २००१ च्या सुमारासचा पहिला प्रयत्न फसला, विषाचं आमिष जमिनीवरचे खेकडेच खाऊन टाकायचे. उंदीर तर नारळाच्या शेंड्यात राहात होते. २०११ मध्ये आमिष हेलिकॉप्टरने टाकलं आणि नारळांच्या शेंड्यांवरही ठेवलं. विष चुकून खातील म्हणून कर्ल्यू पक्षी आधी पकडून पिंजऱ्यांत सांभाळले. उंदीर गेल्यावर देशी झाडांची रोपं पन्नासपटीने वाढली. आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली: तिथले एशियन टायगर डासही नाहीसे झाले, कारण रक्त पिण्यासाठी त्यांना उंदरांचा आधार होता.

कॅरिबियन समुद्रातल्या रेडोंडा बेटाच्या बकऱ्या तर मारल्याच नाहीत, पकडून दुसरीकडे हलवल्या. उंदीर काढले. बेट उघडंबोडकं दगडी होतं, थोड्याच वर्षांत हिरवं झालं. जगभरात सुमारे हजार बेटांवरच्या अशा दीड हजारांहून अधिक मोहिमांचा आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांतल्या ८८ टक्के यशस्वी ठरल्या. पर्यावरणाच्या कामात इतकं यश फार कमी ठिकाणी मिळतं.

---

उत्तरायण

वाचून मत थोडं बदललंय. आणखी एक विचारतो. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाच्या रेल पक्ष्याबद्दल वाचलं होतं. साधारण १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी समुद्र चढून ते बेट पूर्ण बुडालं, तिथला न उडणारा रेल संपला. पाणी ओसरल्यावर मादागास्करहून उडणारे रेल पुन्हा आले आणि त्यांचीही उडण्याची शक्ती हळूहळू गेली. तोच पक्षी दोनदा घडला! मग निसर्ग स्वतःच सावरतो असं का म्हणू नये?

---

दर्याकाठ

कारण त्याला हजारो वर्षं मिळाली, आणि मादागास्करमध्ये मूळचा उडणारा रेल शाबूत होता. आज बेटांवरच्या बऱ्याच जातींना हे आधार नाहीत. आपण दशकांच्या हिशेबात बोलतोय, आणि बेट पुन्हा वर आलं तरी त्यावर पहिला उतरणारा बहुधा उंदीर असेल.

अल्डाब्राकडेच दुसऱ्या बाजूने पाहा. तिथे सुमारे एक लाख महाकासवं आहेत. मॉरिशसची स्वतःची महाकासवं माणसाने खाऊन संपवली होती, तेव्हा ज्यांची मोठी बी गिळून पसरवणारं कुणी उरलं नाही ती झाडं अडली. म्हणून २००० साली इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर अल्डाब्राची कासवं आणून सोडली. देशी आबनूसाची फळं ती खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया चांगल्या रुजतात. निसर्ग सावरतो हे खरं, पण सावरायला लागणारे गडी जागेवर असावे लागतात.

---

सावरी

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटाच्या लाल खेकड्यांचं राहिलं. हे खेकडे जंगलात राहतात, पाचोळा खातात, पहिला चांगला पाऊस पडला की कोट्यवधींच्या संख्येने समुद्राकडे निघतात. माद्या अंडी सोडतात ती वद्य अष्टमीच्या सुमारास, पहाटे, भरती ओसरू लागताना. त्या दिवसांत भांगाचं पाणी असतं, भरती-ओहोटीत फरक कमी, म्हणून काठावर उभं राहता येतं. पाऊस लांबला तर निघायला उशीर होतो आणि मग पुढच्या अष्टमीची वाट पाहावी लागते. चंद्र वेळेवर असतो, पाऊस नसतो. मोसमी पावसाचं वेळापत्रक बिघडलं की काय होतं ते इथे नेमकं समजतं.

त्यांच्यावर दुसरं संकट पिवळ्या क्रेझी मुंगीचं. ही मुंगी चावत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते. खेकड्याच्या डोळ्यांवर आणि सांध्यांवर ते पडतं, तो आंधळा होतो, जागीच कोरडा पडून मरतो. या मुंग्या खवले किडीच्या गोड चिकट स्रावावर माजल्या होत्या. म्हणून २०१६ च्या डिसेंबरात मलेशियातून एक बारीक परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडली, ती खवले किडीत अंडी घालते. मुंगीला हात न लावता तिची शिदोरी तोडायची.

---

शिंपला

शेवटची गुंतागुंत माझ्याकडून. संरक्षण यशस्वी झालं तरी काम संपत नाही. लक्षद्वीपच्या अगत्ती लगूनमध्ये (प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात) हिरवी कासवं इतकी वाढली की सागरी गवत मुळापर्यंत चरलं गेलं. गवतात वाढणारे मासे घटले, मच्छीमार कासवांवर चिडले. अगत्तीचं गवत संपल्यावर कासवं दुसऱ्या लगूनांकडे वळली. कासवांना खाणाऱ्या मोठ्या शार्क कमी झाल्या हे एक कारण अभ्यासक मांडतात. हेच गवत वाळू धरून ठेवतं. तेव्हा बेटावर एक प्राणी वाचवला, तो सुटा हिशेब कधीच नसतो. आणि तिथल्या मच्छीमारांना सोबत घेतल्याशिवाय यातलं काहीही होणार नाही.

---

उत्तरायण

मग पैसा मर्यादित असेल तर आधी कुठलं बेट? सखल की उंच?

---

दर्याकाठ

माझं मत: जिथे पक्षी आज आहेत ते सखल बेट सांभाळा आणि त्याच वेळी उंचावर दुसरं घर तयार करा. हवाईत हे सुरू झालंय. वायव्येकडच्या सखल बेटांवर लेसन आणि काळपाय अल्बाट्रॉसच्या वसाहती आहेत. २०११ मध्ये जपानजवळच्या भूकंपाने उठलेल्या सुनामीत एकट्या मिडवे बेटांवर एक लाखाहून अधिक पिल्लं वाहून गेली. म्हणून मिडवेची अंडी आणि पिल्लं ओआहू बेटावर नेऊन वाढवली. अल्बाट्रॉस जिथून पहिल्यांदा उडतो तिथेच परततो, त्यामुळे पिल्लू अगदी लहान असताना हलवावं लागतं, आणि पंख फुटेपर्यंत माणसाने रोज भरवावं लागतं.

ओआहूवरच्या त्या जागेला भोवती कुंपण घातलंय. जाळी इतकी बारीक की उंदराचं पिल्लूही शिरू नये, खाली जमिनीत वळवलेली, वर गोल पत्रा, म्हणजे मांजराला चढता येत नाही. ते कुंपण नसतं तर मिडवेहून आणलेली पिल्लं ठेवायला जागाच नव्हती. तिथून उडालेली काही पिल्लं काही वर्षं समुद्रावर काढून आता परत येऊ लागलीत.